आपल्या घरातले कोण किती लांब गेले, हे कसे मोजावे

घरातल्या माणसांची चर्चा निघाली की ‘लांब गेलेला’ म्हणून ज्याचे नाव आधी घेतले जाते, तो बहुधा एखादा मुलगा, पुतण्या किंवा जावई असतो आणि तो दुबईत, बंगळुरूत किंवा अमेरिकेत राहत असतो. त्याच घरातून पन्नास वर्षांपूर्वी शेजारच्या तालुक्यात दिलेल्या आत्यानेही गाव सोडलेले असते. पण ते कुणाच्या लेखी स्थलांतर नसते, ती ‘सासरी गेली’ एवढेच म्हटले जाते. केंद्र सरकारच्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणात २०२०-२१ साली देशातील २८.९ टक्के लोक स्थलांतरित आढळले. स्त्रियांमध्ये हे प्रमाण ४७.९ टक्के होते, तर पुरुषांमध्ये केवळ १०.७ टक्के. स्थलांतरित स्त्रियांपैकी ८६.८ टक्के स्त्रियांनी विवाह हेच कारण सांगितले. याचा अर्थ असा की, बालपणीच्या घरापासून कोण किती दूर गेले याची नोंद करायला बसणाऱ्याने मुलींना आणि सुनांना वगळले, तर निम्म्याहून अधिक हकीकत त्याच्या वहीबाहेर राहते.

पुढे दिलेली पद्धत एका घराण्यापुरती आहे. तिला संगणकावरचा तक्ता असला तर सोयीचे पडते, परंतु आडव्या रेघांची मोठी वहीही पुरते. वेळ मोजण्यात फारसा जात नाही. तो माणसांना विचारण्यात आणि गावे नक्की करण्यात जातो, म्हणून या लेखातही त्याच दोन गोष्टींना अधिक जागा दिली आहे.

कोणाकोणाला धरावे

एक जोडपे निवडावे, साधारणपणे आपले आजोबा आणि आजी, आणि त्यांच्यापासून खाली आलेली सर्व प्रौढ माणसे एका यादीत लिहावीत. मुलगे, मुली, सुना, जावई, नातवंडे आणि नातवंडांचे जोडीदार, असे सगळे. त्याहून मागे, पणजोबांपर्यंत जाण्याचा मोह होतो, पण तिथे नावे मिळतात आणि गावे मिळत नाहीत, त्यामुळे यादी अर्धी रिकामी राहते. पंचवीस वर्षांखालच्या माणसांना सध्या बाजूला ठेवावे. वसतिगृहात किंवा भाड्याच्या खोलीत शिकत असलेला मुलगा अजून कुठेही स्थिर झालेला नसतो.

जे गावातच राहिले त्यांनाही यादीत जागा द्यावी आणि त्यांच्यापुढे शून्य लिहावे. हे सांगावे लागते, कारण माहिती देणारा माणूस गावात राहिलेल्या भावाचे नाव सांगताना ‘तो काय, इथेच आहे’ असे म्हणून पुढे सरकतो. निवर्तलेल्या माणसांनाही धरावे. त्यांच्या बाबतीत शेवटची स्थिर वस्ती कुठे होती ते लिहावे. स्त्रियांची नावे माहेरची आणि सासरची अशी दोन्ही नोंदवावीत, कारण जुन्या कागदांत त्या कधी एका नावाने आणि कधी दुसऱ्या नावाने सापडतात आणि काही घरांत लग्नात पाळण्यातले नावही बदललेले असते.

बालपणीचे घर नेमके कोणते

ही पायरी सर्वांत अवघड आहे आणि घाईत केली तर पुढचे सगळे हिशेब चुकतात. जनगणनेत माणसाला त्याचे जन्मस्थान विचारले जाते आणि त्याच्या आधीच्या वास्तव्याचे ठिकाणही वेगळे विचारले जाते. जन्मस्थान हा प्रश्न सोपा वाटतो, परंतु आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत असल्यामुळे घरातला थोरला मुलगा आजोळी जन्मलेला असतो आणि सव्वा महिन्याने किंवा तीन महिन्यांनी आईबरोबर स्वतःच्या घरी आलेला असतो. कागदावर तो जन्मापासूनच ‘स्थलांतरित’ ठरतो. अलीकडच्या पिढीत आजोळाची जागा तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या रुग्णालयाने घेतली आहे. गावात वाढलेल्या मुलाचा जन्मदाखला नगरपालिकेचा असतो. त्यामुळे जन्मस्थान हे बालपणीच्या घराचा पुरावा म्हणून धरू नये.

‘मूळ गाव’ही फसवे आहे. आडनावाच्या शेवटी ‘कर’ असलेल्या कित्येक घराण्यांत त्या गावी गेल्या पाच पिढ्यांत कोणी राहिलेले नसते. तिथे कुलदैवत असते, वर्षातून एकदा जाणे असते, एखाद्या सातबाऱ्यावर सामाईक नाव असते. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर किंवा तंजावर येथे अठराव्या शतकापासून स्थायिक असलेल्या मराठी घरांत तर हा फरक फारच ठळक दिसतो. मूळ गावाला वहीत वेगळा रकाना द्यावा, पण अंतर तिथून मोजू नये.

व्यवहारात चालणारा नियम असा करावा: वयाच्या पाचव्या ते पंधराव्या वर्षांच्या दरम्यान माणूस ज्या ठिकाणी सर्वाधिक काळ राहिला, ते त्याचे बालपणीचे घर. पाच ते पंधरा हा काळ यासाठी की त्यात शाळा येते, आणि शाळेचे नाव माणूस विसरत नाही. एसटी, रेल्वे, पोलीस, महसूल किंवा प्राथमिक शिक्षक या नोकऱ्यांमधल्या घरांत बदल्यांमुळे तीन-चार गावे निघतात. त्यांतले ज्या गावी सर्वांत जास्त इयत्ता झाल्या ते घ्यावे आणि बाकीची शेऱ्यात लिहावीत. मामाकडे राहून शिकलेला मुलगा असेल तर मामाचेच गाव धरावे, आईवडिलांचे नव्हे. आश्रमशाळेत किंवा वसतिगृहात वाढलेल्यांच्या बाबतीत मात्र सुटीत तो ज्या घरी परत येई तेच घर धरणे योग्य वाटते, कारण वसतिगृह सोडले म्हणजे घर सोडले असे कोणी मानत नाही.

गिरणगावात काम केलेल्या पिढीच्या नोंदी करताना हा नियम विशेष काळजीने लावावा. कोकणातून किंवा घाटावरून आलेला कामगार लालबाग-परळच्या एका खोलीत गावच्या दहा-पंधरा माणसांबरोबर राहत असे, खाणावळीत जेवत असे आणि बायकामुले गावीच असत. त्याच्या मुलांचे बालपणीचे घर गाव हेच आहे, जरी बापाचा पत्ता चाळीस वर्षे मुंबईचा असला तरी. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या गिरणी संपानंतर पुष्कळ कामगार गावी परतले. त्यांच्या ओळीत सध्याचे अंतर शून्य येते आणि तो शून्याचा आकडा एकटा पाहिला तर माणूस कधी गेलाच नव्हता असा भास होतो. यासाठी ‘जास्तीत जास्त किती लांब राहिले’ असा एक स्वतंत्र रकाना आधीच आखून ठेवावा.

आणखी एक अडचण अशी की काही घरे जिथे होती तिथे आता नाहीत. कोयनेच्या शिवसागर जलाशयाखाली गेलेल्या गावांतील अनेक कुटुंबांना रायगड, ठाणे, सोलापूर, सांगली अशा जिल्ह्यांत वसवले गेले. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी परिसरातील गावे नव्या जागी उभी राहिली, तिथे जुन्या आणि नव्या गावाचे नाव तेच आहे. अशा वेळी नकाशावर आज दिसणाऱ्या नावावर बोट ठेवून चालत नाही. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या, एक इंचाला एक मैल या प्रमाणाच्या नकाशांत बुडालेल्या गावांच्या जागा सापडतात. त्या मिळाल्या नाहीत तर गावातल्या जाणत्या माणसाकडून धरणाच्या पाण्यात जुने देऊळ किंवा टेकडी कुठे होती ते विचारून अंदाजाने बिंदू ठरवावा आणि तो अंदाज आहे असे लिहून ठेवावे.

माहिती कशी काढावी

सुरुवात घरातल्या वृद्ध स्त्रियांपासून करावी. कोणाची सोयरीक कुठे झाली, कोणती पुतणी कोणत्या गावी दिली, तिचे सासरे कोणत्या गावचे, ही माहिती पुरुषांपेक्षा त्यांच्याकडे अधिक नेमकी असते. प्रश्न मोघम विचारू नयेत. ‘तुमचं बालपण कुठं गेलं?’ या प्रश्नाला उत्तर म्हणून आठवणी येतात आणि गावाचे नाव येत नाही. त्याऐवजी असे विचारावे: आत्या, चौथीची शाळा कोणत्या गावात केली? लग्न ठरलं तेव्हा तुम्ही कुठे राहत होता? पंचमीला किंवा दिवाळीला माहेरी न्यायला मुराळी कोण यायचा, बैलगाडीने की एसटीने, आणि सकाळी निघालं तर घरी किती वाजता पोचायचा? शेवटच्या प्रश्नातून अंतरापेक्षाही मोलाची गोष्ट हाती लागते, तिचा उपयोग पुढे आहे.

तोंडी माहिती मिळाल्यावर कागद पाहावेत. शाळा सोडल्याच्या दाखल्यात जन्मस्थान असते, शिवाय पूर्वीच्या शाळेचे नावही असते, आणि बालपणातले गावबदल शोधायला हा दुसरा तपशील अधिक उपयोगी पडतो. दाखला हरवला असेल तर शाळेच्या जनरल रजिस्टरमधून त्याचा उतारा मागता येतो. जुन्या लग्नपत्रिका जपून ठेवणारे एखादे तरी घर नात्यात असते. तिथल्या पेटीत वरपक्ष आणि वधूपक्ष या दोन्हींचे मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा असे पूर्ण पत्ते वर्षासह मिळतात. जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदींसाठी गाव नमुना नंबर १४, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेले ‘कोतवाल बुक’, तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात पाहायला मिळू शकते.

जमीन असलेल्या घरांत फेरफार नोंदी वाचाव्यात. वारस नोंदीत मुलींची नावे सासरच्या नावांनिशी येतात, आणि बहिणींनी भावांच्या नावे हक्कसोडपत्र करून दिले असेल तर त्यात प्रत्येक बहिणीचे त्या वर्षीचे राहण्याचे गाव लिहिलेले असते. ज्या कागदाने मुलीचा वडिलांच्या जमिनीवरील हक्क संपला, त्याच कागदाने ती कुठे राहत होती हे आपल्याला कळावे, यातला उपरोध नोंद करणाऱ्याच्या लक्षात राहील.

कुलवृत्तांत छापलेला असल्यास तो अवश्य पाहावा, पण त्यावर विसंबू नये. बहुतेक कुलवृत्तांत पुरुषांच्या वंशावळीवर उभे असतात आणि मुलींची शाखा लग्नापाशी थांबते. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर या ठिकाणच्या तीर्थोपाध्यांच्या चोपड्यांत गावागावांच्या कुटुंबांची नामावळी असते. यात्रेला आलेल्या माणसाने स्वतः कोणते गाव सांगितले, हे तिथून कधी कधी कळते.

गाव नक्की करणे

नाव मिळाले म्हणजे गाव मिळाले, असे समजू नये. पिंपळगाव, वडगाव, शिरसगाव या नावांची गावे एकेका जिल्ह्यात अनेक असतात; बुद्रुक आणि खुर्द हे शब्द पत्त्यातून गाळले गेले तर दोन शेजारच्या गावांपैकी कोणते, हा प्रश्न उरतो, पण तो फरक थोड्या अंतराचा असल्याने फार त्रास देत नाही. खरा घोटाळा ‘मु. पो.’ या दोन अक्षरांत होतो. मुक्काम एका गावात आणि पोस्ट दुसऱ्या गावात, असे जिथे असते तिथे ऐकणारा बहुधा पोस्टाचे गाव टिपून घेतो. पिनकोडही पोस्टाच्या कार्यालयाचा असतो, वस्तीचा नव्हे, आणि तो १९७२ पासूनच सुरू झाला असल्यामुळे त्याआधीच्या पत्रांवर त्याची मदत मिळत नाही.

जिल्ह्याच्या बाबतीत वर्ष पाहून वाचावे. १९८१ च्या आधीच्या कागदावर ‘जि. रत्नागिरी’ असेल तर ते गाव आज सिंधुदुर्गात असू शकते, ‘जि. कुलाबा’ म्हणजे आजचा रायगड. जालना १९८१ मध्ये औरंगाबादपासून वेगळा झाला, लातूर १९८२ मध्ये उस्मानाबादपासून आणि गडचिरोली त्याच वर्षी चंद्रपूरपासून. नंदुरबार आणि वाशीम १९९८ मध्ये झाले, हिंगोली आणि गोंदिया १९९९ मध्ये, पालघर २०१४ मध्ये. अलीकडे छत्रपती संभाजीनगर, धाराशिव आणि अहिल्यानगर ही नावे आली आहेत. बेळगाव, निपाणी, कारवार या बाजूची घरे १९५६ च्या राज्य पुनर्रचनेने मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेली. घर जागचे हलले नाही आणि तरीही दाखल्यावरचे राज्य बदलले, अशा नोंदीला कोणी स्थलांतर समजू नये, म्हणून वहीत कागदावरचा जुना तालुका-जिल्हा आणि आजचा तालुका-जिल्हा असे दोन्ही लिहावेत.

अंतर मोजणे

आता दोन बिंदू हाती आहेत: बालपणीचे घर आणि आजचे घर. त्यांच्यामधले सरळ रेषेतले अंतर हेच मुख्य माप म्हणून घ्यावे. रस्त्याचे अंतर घेतले तर नवा पूल किंवा महामार्ग झाला की आकडा बदलतो आणि आजीच्या ओळीची नातीच्या ओळीशी तुलना करता येत नाही. गुगलच्या नकाशात संगणकावर एका ठिकाणी उजवे बटण दाबून अंतर मोजण्याचा पर्याय निवडला आणि दुसऱ्या ठिकाणी टिचकी मारली की सरळ रेषेतले किलोमीटर दिसतात.

यादी मोठी असेल तर प्रत्येक गावाचे अक्षांश-रेखांश एकदाच लिहून ठेवून हिशेब करावा. महाराष्ट्रापुरती एक सोपी रीत चालते: अक्षांशांतील फरकाला १११ ने गुणावे, रेखांशांतील फरकाला १०५ ने गुणावे, दोन्ही उत्तरांचे वर्ग करून त्यांची बेरीज करावी आणि तिचे वर्गमूळ काढावे. मुंबईचे अक्षांश १८.९४ आणि रेखांश ७२.८३, पुण्याचे १८.५३ आणि ७३.८७, फरक ०.४१ आणि १.०४; गुणाकार सुमारे ४५ आणि १०९; वर्गमूळ ११८. आगगाडीने हेच अंतर १९२ किलोमीटर पडते, कारण मध्ये बोरघाट आहे आणि रूळ कल्याणवरून वळसा घेऊन जातात. देशाबाहेरच्या किंवा दूरच्या राज्यांतल्या ठिकाणांसाठी ही रीत वापरू नये, तिथे नकाशानेच मोजावे. दहा किलोमीटरच्या आतील अंतर जवळच्या पूर्ण किलोमीटरपर्यंत आणि शंभराच्या पुढचे दहाच्या पटीत लिहिले तरी पुरे. याहून बारीक आकडा दिल्याने अचूकता येत नाही, तिचा फक्त आव येतो.

सरळ रेषेचा दोष सह्याद्रीपाशी उघड होतो. घाटमाथ्यावरचे एक गाव आणि त्याच्या खालचे कोकणातले गाव नकाशावर पाच-सहा किलोमीटरवर असतात; पण वाट पायऱ्यांची किंवा निसणीची असते आणि गाडीरस्ता दुसऱ्याच घाटाने फिरून जातो. म्हणून किलोमीटरच्या शेजारी प्रवासाच्या वेळेचे दोन रकाने असावेत: घर सोडले त्या काळी दारापासून दारापर्यंत लागणारा वेळ, आणि आज लागणारा वेळ. मुराळीविषयीचा प्रश्न याच रकान्यासाठी होता. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे ते नगर अशी धावली. त्याआधी लग्न होऊन वीस किलोमीटरवर गेलेली मुलगी दिवसभराच्या अंतरावर गेलेली असे, आणि पावसाळ्यात नदी आडवी आली की दिवसभरातही पोचणे होत नसे. कोकणातल्या खाडीकाठच्या गावांतून मुंबईला जाण्याचा एक मार्ग बोटीचा होता आणि पावसाळ्यात तो बंद असे. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण सुरू झाली, तेव्हा त्या गावांचे मुंबईपासूनचे किलोमीटर तेच राहिले आणि तास कमी झाले. या रकान्यांशिवाय वही कोरडी राहते, असे माझे मत आहे.

हिशेब आणि त्याचा अर्थ

सरासरी काढू नये, किंवा काढलीच तर तिच्यावर विश्वास ठेवू नये. समजा एका कल्पित घरात अकरा माणसे आहेत आणि त्यांची अंतरे किलोमीटरमध्ये अशी आहेत: ०, ०, ४, १२, १८, २५, ६०, १४०, ३३०, ३३० आणि न्यूयॉर्कला गेलेल्या नातवाचे १२,५००. सरासरी येते सुमारे १,२२०, जी या घरातल्या एकाही माणसाच्या जवळपास नाही. अंतरे चढत्या क्रमाने मांडून मधले, म्हणजे सहावे घेतले तर मध्यक येतो २५ किलोमीटर, आणि तो या घराविषयी खरे बोलतो. निम्मी माणसे पंचवीस किलोमीटरच्या आत राहिली. माणसांची संख्या सम असेल तर मधल्या दोघांच्या अंतरांची सरासरी घ्यावी.

मध्यक पिढीनिहाय वेगळा काढावा आणि स्त्री-पुरुष असाही वेगळा काढावा. त्याखेरीज प्रत्येक ओळीला एक टप्पा द्यावा: त्याच गावात, त्याच तालुक्यात, त्याच जिल्ह्यात, राज्यात इतरत्र, दुसऱ्या राज्यात, देशाबाहेर. हे टप्पे जनगणनेच्या वर्गवारीशी जवळपास जुळतात. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ४५ कोटी लोक स्थलांतरित नोंदले गेले आणि त्यांतील साठ टक्क्यांहून अधिक लोक आपल्याच जिल्ह्यात एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी गेलेले होते. आपल्या घराचे प्रमाण याच्याजवळ आले तर नवल वाटू नये. एकोणिसाव्या शतकात रॅव्हेन्स्टाइन या अभ्यासकाने ब्रिटनच्या जनगणनेवरून १८८५ मध्ये असेच निरीक्षण मांडले होते: बहुतेक माणसे जवळच जातात, आणि जवळच्या अंतरात स्त्रिया पुरुषांहून अधिक हलतात.

दोन स्तंभ शेजारी ठेवल्यावर बहुधा असे दिसते की आजोबांच्या पिढीत पुरुषांचा मध्यक शून्याजवळ आहे आणि स्त्रियांचा दहा-वीस किलोमीटरचा. वडिलांच्या पिढीत पुरुषांपैकी थोडे एकदम दूर, मुंबई-पुण्याला गेले आहेत आणि स्त्रियांचा आकडा संथपणे वाढला आहे. आपल्या पिढीत दोघांतला फरक विरला आहे, कारण नातीही नोकरीसाठी निघाल्या. आपल्या घरात वेगळे दिसले तर कारण शोधावे. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत ज्या घराण्यांत होती, तिथे सुनेचे माहेर आणि नवऱ्याचे आजोळ एकच असते आणि स्त्रियांची अंतरे पिढ्यान्पिढ्या तीच राहतात. उलट, नोकरदार घरांत स्थळ पाहताना गावापेक्षा पगार पाहिला गेला आणि आत्या नागपूरची असूनही सोलापुरात गेली, असे होते.

शेतमजुरीच्या आणि ऊसतोडीच्या घरांना ही मोजणी लावताना एक उणीव सांभाळावी लागते. बीडकडची जोडपी दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कारखान्याच्या तोडीवर जातात आणि उन्हाळ्यात परततात. सहा महिन्यांच्या वास्तव्याची जी अट सर्वेक्षणांत असते, तिच्यात ती बसत नाहीत. आपल्या वहीतही ‘आजचे घर’ बालपणाचेच निघते आणि अंतर शून्य येते. त्यांच्यासाठी दरवर्षी जाण्याचे ठिकाण आणि महिने लिहिण्याचा स्वतंत्र रकाना करावा. मुले बरोबर नेली जात असतील तर त्या मुलांचे बालपणीचे घर कोणते, याचे उत्तर पाच ते पंधरा वर्षांचा नियमही नीट देत नाही. तिथे दोन्ही ठिकाणे लिहावीत.

जाणे कुठे दिसते ते एका घरापुरते पाहायचे नसेल, तर जिल्ह्याचे आकडे पाहावेत. रत्नागिरीत २०११ साली दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या आणि सिंधुदुर्गात १,०३६. या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या २००१ ते २०११ या दशकात घटली. कमावते पुरुष मुंबईला आणि बायका घर-शेत सांभाळायला गावी, या जुन्या रचनेचा तो माग आहे. अशा गावातल्या घराची वही भरताना बाईच्या ओळीत शेजारच्या वाडीवरून येण्याचे चार किलोमीटर आणि तिच्या नवऱ्याच्या ओळीत मुंबईचे अडीचशे, असे दोन आकडे एकाखाली एक येतील. त्या दोघांमधले अंतर कोणत्याच रकान्यात मावत नाही. ते शेऱ्यात लिहावे, आणि तो किती वर्षे असा राहिला व वर्षातून किती वेळा गावी येई, हेही लिहावे.

वही कोणाला दाखवावी

या कामात नको असलेल्या गोष्टीही बाहेर येतात. घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न करून गेलेली मुलगी, वाटणीच्या भांडणानंतर गाव सोडलेला भाऊ, नांदवली नाही म्हणून माहेरी परत आलेली आणि म्हणून अंतर शून्य असलेली मावशी, या ओळी यादीतून गाळल्या जाऊ नयेत, पण त्यांची कारणे वहीत उघड लिहावीत असेही नाही. गेले तो गाव आणि वर्ष एवढे पुरे. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकायचा असेल तर पिढीनिहाय मध्यकाचा छोटा तक्ता टाकावा. घरपत्ते, जमिनीचे गट क्रमांक आणि दाखल्यांची छायाचित्रे टाकू नयेत. हयात माणसाची ओळ त्याला स्वतःला दाखवून मगच पक्की करावी. बहुतेक दुरुस्त्या तेव्हाच होतात, कारण दुसऱ्याने सांगितलेले गाव आणि माणसाने स्वतः सांगितलेले गाव पुष्कळदा निराळे निघते.

प्रत्येक ओळीच्या शेवटी माहिती कोणी दिली आणि कोणत्या तारखेला, हे लिहावे. दोन सांगणाऱ्यांत फरक पडला तर एक खोडून दुसरे लिहिण्याऐवजी दोन्ही ठेवून पुढे प्रश्नचिन्ह करावे आणि कागद सापडेपर्यंत ते तसेच राहू द्यावे. नव्या ओळी लग्नसराईत आणि गणपतीत भरून घेणे सोपे जाते. त्या दिवसांत बोलायची माणसे एका ठिकाणी असतात आणि जेवणानंतर पान खाऊन बसलेल्या मोठ्यांना शाळेचे गाव विचारले तर कोणी नाही म्हणत नाही.